वाटीतला लाल दाणा

मी पितळ्या बोलतोय. हे नाव जगन्नाथनं ठेवलं. बाकीचे मला स्क्रेपर म्हणायचे. पंजाएवढा पितळेचा तुकडा आहे मी. एका टोकाला लहानशी वाटी, दुसऱ्या टोकाला चपटी पाती, मधे धरायला खरबरीत दांडा. बघण्यासारखं काही नाही.

शाळा मी पाहिली नाही. गोड बोलता येत नाही. तेरा वर्षं एका चिडक्या माणसाच्या मुठीत काढली, त्याचीच जीभ मला लागली. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, नाहीतर पान उलटावं. मला फरक पडत नाही. हल्ली कशानंच पडत नाही.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

बंदुकीत बोल्ट नावाचा एक लोखंडी तुकडा असतो. तो पुढं जाऊन गोळीच्या मागं कुलूप लावतो. गोळी सुटली की मागं येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, दुसरी गोळी घेऊन परत पुढं जातो. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत हे सगळं गोळीच्याच धुराच्या जोरावर चालतं. धूर फुकट काम करत नाही. काजळी ठेवून जातो. ती बोल्टच्या शेपटीवर बसते, भाजते, तिच्यावर दुसरी बसते, शेवटी दगड होतो. फडक्यानं निघत नाही, ब्रशानं निघत नाही. तेलात भिजवायचं, माझी वाटी शेपटीवर बसवायची आणि गोल फिरवायची. करकर आवाज येतो, काळी पूड पडते, खालून बोल्ट चकचकीत निघतो. बस, एवढंच माझं काम.

त्या बोल्टच्या पोटातून आरपार एक भोक आहे. त्यात सुईसारखी पिन असते. घोडा ओढला की ती गोळीच्या बुडाला टोचते. साफ करताना पिन काढून ठेवतात, तेव्हा भोक उघडं असतं. हे भोक लक्षात ठेवा.

माझा जन्म शारजात झाला, इंडस्ट्रियल एरियात, एका लेथवर. जगन्नाथ तेव्हा नुकताच आला होता. देशात लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, रिटायर झाला, घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप द्यायला लागला, तेव्हा मुलानं इकडं बोलावलं. मुलगा रुपेश, दुबई मरीनात ऑफिस, तिथंच उंचावर घर. दुबईबाहेर वाळूत एक नेमबाजीचा क्लब आहे, तिथं जगन्नाथला काम लागलं. बंदुका साफ करायच्या आणि ठीक ठेवायच्या.

क्लबात बाहेरून मागवलेलं स्टीलचं औजार होतं. त्यानं बोल्टवर ओरखडे पडायचे. जगन्नाथनं ते पहिल्याच दिवशी ड्रॉवरमधे फेकलं. म्हणाला, "हे औजार आहे का वस्तरा?" पितळ लोखंडाहून मऊ, ते काजळी काढतं पण बोल्ट खात नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण माप कुठून आणायचं? बंदुकीचा स्क्रूसुद्धा क्लबाबाहेर नेता येत नाही. मग त्यानं मेणबत्तीच्या मेणात बोल्टच्या शेपटीचा ठसा घेतला. तो गाडीतच वितळला. जून महिन्यात दुबईत मेण घेऊन निघालेला हा एकटाच शहाणा. दुसरा ठसा अंगाच्या साबणात घेतला, तो टिकला.

लेथवाल्यानं चाळीस दिरहम घेतले. "म्हणजे सहाशे रुपये!" जगन्नाथ ओरडला. "एवढ्यात देशात लेथवाल्यासकट लेथ येतो." तरी दिले. मला खिशात टाकलं आणि परत येईपर्यंत वरून चाचपत राहिला.

आमची खोली क्लबाच्या मागच्या अंगाला. खिडकी नाही. एसी, तेलाचा वास, एक लांब टेबल. टेबलाच्या या बाजूला जगन्नाथ, त्या बाजूला हमदुल्ला. हमदुल्ला स्वातकडचा पठाण. दोघं एकाच महिन्यात लागले. जगन्नाथ पन्नाशीला टेकलेला, हमदुल्ला त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. अंगानं मात्र दरवाजाएवढा, आणि आवाज मऊ. त्याच्या फोनमधे एका घराचे फोटो होते, गावी बांधत होता. तेरा वर्षं ते घर बांधणं चालू होतं. आधी पाया दाखवला, मग भिंती, मग वर सळया आलेल्या. स्लॅब कधी पडला नाही.

क्लबाचा नियम असा, की एकानं बंदूक साफ करायची आणि दुसऱ्यानं उघडून, टॉर्च मारून आत बघायचं. मग रजिस्टरमधे दोघांच्या सह्या. काही चुकलं तर बघणारा जबाबदार, कारण शेवटचा डोळा त्याचा.

पहिल्या आठवड्यात हमदुल्लानं टॉर्च मारली. जगन्नाथ उसळला.

"ये क्या मेरे पीछे बत्ती मारता है? मैं चोर है क्या?"

"नहीं उस्ताद, रूल है."

"रूल मेरे को मत सिखा. तेरे बाप के उमर का है मैं."

"मेरा बाप आपसे बड़ा है उस्ताद, पर इतना गुस्सा नहीं करता."

जगन्नाथ दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चहा वेगळा प्यायला. तिसऱ्या दिवशी हमदुल्लानं टॉर्च खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. सही करताना म्हणायचा, "उस्ताद का हाथ है, देखना क्या." हे ऐकलं की जगन्नाथची मान जरा वर व्हायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. उस्तादचा हात म्हणजे त्यातला मी. टॉर्चमधले सेल पुढं गळले. कुणी बदलले नाहीत.

माझ्यावर हमदुल्लाचा डोळा होता. "उस्ताद, देस जाते वक्त ये पितल्या मेरे को देके जाना."

"मेरे मरने के बाद लेना."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला क्या बोलता है रे? मरने का राह देखता है मेरा?"

मग दोघं हसायचे. हे वर्षातून चार वेळा तरी व्हायचं, तेच शब्द, तेच हसणं. माणसांना तेच तेच बोलायला आवडतं. आम्हाला काय, आम्ही तर तेच तेच फिरतो.

क्लबाचे मेंबर यायचे. काळे चष्मे, कानावर आवाज अडवणारी डबडी, हातात पहिल्यांदा फोन आणि मग बंदूक. पन्नास गोळ्या मारायच्या, बंदुकीला कुत्र्यासारखं थोपटायचं, फोटो काढायचा, निघून जायचं. नळी सगळे बघतात. बोल्टची शेपटी कुणी बघत नाही. ती आमच्याकडं यायची, काळी होऊन.

अशी बारा वर्षं गेली. त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. मी थोडा झिजलो. जगन्नाथचे केस गेले.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला.

जगन्नाथची बायको कुमुद. रुपेशला मुलगी झाली, ओवी, तेव्हा तिला सांभाळायला म्हणून कुमुद इकडं आली आणि राहिली. नवराबायको बर दुबई भागात एका खोलीच्या फ्लॅटमधे राहतात. कुमुद दिवसा मेट्रोनं मरीनाला जाते, नातीला बघते, संध्याकाळी परत येते. खंडेनवमीला औजारं पुजायची हा तिचा नेम. बंदुका घरी आणता येत नाहीत, पण आम्ही जगन्नाथचे स्वतःचे. कापडाच्या गुंडाळीत आम्ही सातजण घरी जायचो. पाटावर आडवे पडायचो, दांड्याला हळदीकुंकवाचं बोट, वर एक झेंडू. अक्षता टाकल्या तरी घरंगळून जायच्या.

गेल्या वर्षी जगन्नाथच्या व्हिसाचं काम निघालं होतं. बासष्टाव्या वर्षी कंपनी परत करते का नाही, धाकधूक होती. नाही केला तर दोघांनी सामान बांधायचं, ओवीला फोनवर बघायचं. म्हणून कुमुदनं पूजा जरा नीट करायची ठरवली. तांदळानं भरलेल्या पेल्यात मला उभा रोवलं, वाटी वर.

"याच्यावरच घर चाललंय," ती म्हणाली.

"घर माझ्यावर चाललंय," जगन्नाथ म्हणाला.

"तुमच्यावर कुंकू टिकत नाही. घाम येतो."

वाटी दिसली की भरायची, हा बाईमाणसाचा स्वभाव. तिनं माझ्या वाटीत अक्षता घातल्या. पडू नयेत म्हणून ओल्या कुंकवाच्या बोटानं दाबून बसवल्या. हात जोडले. डोळे बराच वेळ मिटले होते. काय मागितलं ते मला माहीत आहे, तुम्हालाही कळलं असेल.

दसऱ्याला क्लबात स्पर्धा होती, जगन्नाथला सुट्टी नव्हती. सकाळी तो आम्हाला गुंडाळायला लागला. हातात फडकं घेतलं तेवढ्यात कुमुद ओट्याजवळून म्हणाली, "अहो, पुसू नका हं. दसरा आहे आज."

"अगं, तेल लागायचंय त्याला."

"तेल लागू दे. कुंकू तुम्ही नाही पुसायचं."

जगन्नाथ देवाचं फारसं करणारा नाही. पण व्हिसाचं होतं. त्यानं फडकं ठेवलं. मला उलटा धरून पाटावर ठोकलं, अक्षता सांडल्या. वाटीत फू केलं. एरवी हा माणूस वापरायच्या आधी माझ्या वाटीत कापसाची काडी फिरवायचा, रोज, न चुकता. त्या दिवशी नुसतं फू.

एक दाणा तळाला चिकटून राहिला. लाल.

क्लबात गर्दी होती. हमदुल्लानं मला उचललं तेव्हा कुंकू त्याच्या बोटाला लागलं. त्यानं पँटला पुसलं. जगन्नाथनं त्याला आपट्याचं पान दिलं.

"सोना ले. आज हमारे में सोना देते हैं."

हमदुल्लानं पान उलटसुलट करून पाहिलं. "उस्ताद, दुबई में सोना सस्ता है सुना था. इतना सस्ता?"

"ले ना चुपचाप."

त्यानं पान शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग सात नंबरची बंदूक आली. जगन्नाथनं बोल्ट काढला, पिन काढली, शेपटीला तेल लावलं, माझी वाटी तिच्यावर बसवून फिरवायला लागला. तेलानं कुंकू सुटलं, दाणा सुटला. मला कळलं. जिभेवरून खडा सरकला की कळतं तसं. तो भोकात गेला. मी काय करणार होतो? मला तोंड आहे ते खरवडायला.

जगन्नाथनं पिन घातली, बोल्ट जोडला, बंदूक पलीकडं सरकवली. हमदुल्लानं सही केली.

दुपारी मी टेबलावर होतो. भिंतीतून आवाज येतात. आमच्या बंदुका एका वेळी एकदाच बोलतात. तीनदा लागोपाठ आवाज झाला तेव्हा जगन्नाथनं मान वर केली.

झालं होतं असं. सात नंबर एका मेंबरच्या हातात होती. आठ गोळ्या नीट गेल्या. नवव्या वेळी त्यानं घोडा एकदाच ओढला आणि तीन गोळ्या गेल्या. दाणा पिनेच्या टोकाशी जाऊन चेपला होता, पिन पुढंच अडकली, बोल्ट बंद झाला की आपोआप टोचत होती. नळी वर उडाली. तिसरी गोळी छतात. सिमेंटची कपची शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या भुवईत घुसली. दोन टाके पडले. डोळा तिथून बोटभर खाली.

संध्याकाळी झारा मॅडम बंदूक घेऊन आमच्या खोलीत आली. ही क्लबाची सेफ्टी ऑफिसर, हैदराबादची. जगन्नाथला अंकल म्हणते. तिनं फोन उभा करून व्हिडिओ लावला.

"अंकल, खोलो."

जगन्नाथनं बोल्ट खोलला. पिन निघेना. बोल्ट लाकडावर ठोकला तेव्हा निघाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, व्हिडिओ थांबला, ती बोलत दाराकडं वळली. जगन्नाथनं बोल्ट परत ठोकला. टेबलावर एक कण पडला. काळा, चपटा. एका कडेनं लाल.

जगन्नाथनं त्याच्यावर अंगठा ठेवला.

टेबलाच्या पलीकडं हमदुल्ला उभा होता. त्यानं कण पाहिला, अंगठाही पाहिला.

"क्या मिला?" मॅडमनं परत येऊन विचारलं.

"मैल है. कार्बन."

"कार्बन से पिन जाम हो गई?"

"होती है कभी."

तिनं रजिस्टर उघडलं. "चेक किसने किया था? हमदुल्ला, टॉर्च मारा था?"

"नहीं मॅडम."

"क्यों नहीं?"

हमदुल्लानं जगन्नाथकडं बघितलं. जगन्नाथनं माझ्याकडं बघितलं.

"गलती हो गई," हमदुल्ला म्हणाला.

त्या रात्री घरी कुमुदनं विचारलं, काय झालं, जेवत का नाही. जगन्नाथ म्हणाला, "हमदुल्लाकडून चूक झाली."

"अरे देवा. आणि त्याचं घर? स्लॅब पडायचाय ना अजून?"

"वाढ तू."

तीन दिवस गेले. झारा मॅडमनं एकेकाला बोलावून विचारलं. जगन्नाथला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, मैल होता. खोटं नव्हतं. तांदूळ जळला की मैलच होतो. खोलीत दोघं समोरासमोर बसून काम करत होते. हमदुल्ला दर थोड्या वेळानं मान वर करून जगन्नाथच्या तोंडाकडं बघायचा आणि परत खाली घालायचा. जगन्नाथ मला फिरवत राहायचा. साफ झालेल्या बोल्टवरसुद्धा फिरवायचा. माझी वाटी मात्र त्यानं एकदाही आतून पुसली नाही. बोट घालायचा धीर नसेल.

चौथ्या दिवशी हमदुल्लाला पत्र मिळालं. नोकरी खलास, व्हिसा रद्द. त्यानं सामान बांधलं. तेरा वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं.

जगन्नाथ मला घेऊन बाहेर आला. पार्किंगमधे गाडी उभी होती, क्लबाचा ड्रायव्हर आत बसलेला. उन्हानं मी हातात तापलो.

"हमदुल्ला. ये ले. तू मांगता था ना."

हमदुल्लानं मला घेतलं. तळहातावर तोललं. मग वाटीत अंगठा घालून तळाशी फिरवला आणि काढून उजेडात धरला. अंगठा लाल झाला होता.

"उस्ताद," तो म्हणाला, "तीन दिन हम आपका मुँह देखता रहा. सोचा, आज बोलेगा. कल बोलेगा."

त्यानं अंगठा पँटला पुसला.

"आपने बोला था बत्ती मत मार. हमने नहीं मारा."

त्यानं मला जगन्नाथच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. वरून एकदा थोपटलं. गाडीत बसला.

फाटकावर गाडी थांबली. सिक्युरिटीवाला बॅग उघडून बघत होता. अजून वेळ होता. झारा मॅडमचं ऑफिस वीस पावलांवर. जगन्नाथ चालत गेला, भरभर गेला. मला वाटलं, आता बोलतो.

"येस अंकल? कुछ बोलना है?"

त्यानं मला खिशातून काढून पुढं केलं. "मॅडम, ये स्क्रेपर. इसका एंट्री नहीं है. मेरा खुद का है."

तिनं बघितलं. "पर्सनल टूल अब अलाउड नहीं है, अंकल. घर ले जाओ. कंपनी नया मंगा रही है."

"जी."

"और कुछ?"

"नहीं."

बाहेर आलो तेव्हा फाटक बंद झालं होतं.

महिन्याभरात जगन्नाथचा व्हिसा झाला, दोन वर्षांचा. कुमुदनं पेढे आणले, देवापुढं ठेवले. पूजा पावली म्हणाली. जगन्नाथनं पेढा घेतला नाही, शुगरचं निमित्त सांगितलं.

मी घरी राहिलो. कुमुदनं मला स्वयंपाकघरात घेतलं. माझ्या पातीनं ती गॅसचा बर्नर खरवडायची, डोशाच्या तव्याची कड खरवडायची. काजळी ती काजळी. बंदुकीची काय आणि डोशाची काय. वाटीचं टोक तिच्या मुठीत असायचं, त्याचा तिला उपयोग नव्हता. वर्षभर मी चमच्यांच्या ड्रॉवरमधे पडलो. वाईट वाटलं का म्हणाल, तर सांगता येत नाही. ड्रॉवर उघडला की उजेड यायचा, बंद झाला की जायचा.

जगन्नाथ पाणी प्यायला यायचा. चमचा हवा असला तरी माझा ड्रॉवर उघडायचा नाही. बोटानं साखर ढवळायचा.

यंदाची खंडेनवमी परवा झाली. कुमुदनं पाट मांडला. चाकू, विळी, रुपेशची जुनी पेटी ठेवली आणि मला पुढ्यात घेतलं.

"यांना अक्षता नको," जगन्नाथ दारातून म्हणाला.

"का?"

"नको म्हणतो ना."

ती काही ऐकणारी नाही. तिनं मला उभा धरलं, कुंकवात बोट बुडवलं आणि वाटीत बघून थांबली. "अगंबाई. गेल्या वर्षीचं अजून आतच आहे. तुम्ही तर दिवसातून दहादा पुसायचात याला."

जगन्नाथ दारातून दोन पावलं आत आला.

"अहो?"

तो खाली बसला. पाटाच्या समोर, भिंतीला टेकून. मग त्यानं सांगितलं. फार नाही, पाच-सहा वाक्यं. दाणा, पिन, अंगठा, हमदुल्ला. बंदुकीचे भाग सांगतात तसं सांगितलं, एकापुढं एक ठेवून.

कुमुदचं बोट कुंकवानं भरलेलं तसंच वर राहिलं. "मी दाबून बसवल्या होत्या," ती म्हणाली.

"तू बसवल्यास. मी काढल्या नाहीत. काढायचं काम माझं."

"त्याला फोन लावा."

"कुणाला?"

"कुणाला काय विचारता? लावा."

जगन्नाथनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. हमदुल्लाचा नंबर इथला होता. एक बाई आधी अरबीत बोलली, मग इंग्रजीत. नंबर बंद होता.

"गावचा नंबर?"

"नाही माझ्याकडं."

"तेरा वर्षं एका टेबलावर बसलात!"

"नाही घेतला."

कुमुदनं बोट पदराला पुसलं. "क्लबात असेल त्याचा पत्ता."

"असेल. झारा मॅडमकडं."

"मग तिच्याकडं मागा."

"कशाला पाहिजे म्हणून विचारेल ती."

"विचारणारच."

जगन्नाथनं फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "व्हिसा जाईल. ओवी..."

"ओवीला मी सांगेन. आपलं घर आहे तिकडं. कुलूप लावून आलोय, पाडून नाही."

काल दसरा होता. सकाळी जगन्नाथनं मला ड्रॉवरमधून काढलं. जुन्या सवयीनं कापसाची काडी घेतली आणि वाटीत घालायला गेला. कुमुदनं त्याचा हात धरला.

"अहो, पुसू नका. असंच न्या."

तिनं मला फडक्यात गुंडाळलं, डब्याच्या पिशवीत ठेवलं. गेल्या वर्षीसारखेच शब्द. आवाज वेगळा.

झारा मॅडम फोनवर होती. जगन्नाथ उभा राहिला. तिनं फोन ठेवला, म्हणाली, "बोलो अंकल." त्यानं मला टेबलावर ठेवलं, वाटी वर.

"मॅडम, वो सात नंबर. मैल नहीं था. चावल था. मेरे हाथ से गया. हमदुल्ला का कुछ नहीं."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं. "एक साल, अंकल?"

"हां."

"मैंने आपको कितनी बार पूछा?"

"तीन बार."

तिनं खुर्ची दाखवली. तो बसला नाही. त्याला जे माहीत होतं ते सगळं तिनं लिहून घेतलं, त्यानं खाली सही केली. या वेळी एकच सही होती. हमदुल्लाला गावी कळवू म्हणाली, परत घेता येईल का ते तिच्या हातात नाही. इन्शाल्ला म्हणाली. जगन्नाथला घरी जाऊन थांबायला सांगितलं, बोलावणं येईल. तो गेला. जाताना मला उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

आता मी एका पारदर्शक पिशवीत आहे. तोंडाला चिकटपट्टी, वर नंबर लिहिलाय. स्टीलच्या कपाटात ठेवलंय. अंधार आहे, थंड आहे. वाटीत लाल तसंच आहे. पुसलं नाही म्हणून दाणा बंदुकीत गेला आणि पुसलं नाही म्हणून खरं कळलं. यात काय समजायचं ते तुम्ही समजा, मला डोकं नाही.

परत कुणाच्या हातात जाईन असं वाटत नाही. गेलोच, तर आधी माझ्या वाटीत काडी घालून बघा. सणाचा दिवस असला तरी बघा.

आणि एक. ज्याच्या हातावर तुमचा भरवसा आहे, त्याच्यामागंही टॉर्च मारा. तो चिडेल, शिव्या देईल, दोन दिवस चहा वेगळा पिईल. पिऊ दे. आमच्या खोलीत ती टॉर्च अजून खिळ्याला असेल. सेल तेवढे बदला.